पुट्टीखालचा नंबर

ट्रक पहिल्यांदा गल्लीत शिरला तेव्हा न्हाव्याने अर्धी दाढी तशीच सोडून दारात धाव घेतली, आणि दाढीवालाही साबण लागल्या गालाने त्याच्या मागे उभा राहिला. चाकं माणसाच्या छातीपर्यंत. पोटाखालून कुत्रं मान ताठ ठेवून पलीकडे जाईल एवढी मोकळी जागा. रंग कधीकाळी हिरवा असावा. पुढच्या काचेमागे, जमिनीपासून चांगलीच उंच, गल्लीतली पेंटरीण बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू काही केल्या आवरत नव्हतं.

तिला सगळे पेंटरीणच म्हणत. गाड्यांचे पोचे काढायचे, पुट्टी भरायची, रंग मारायचा, हा तिचा धंदा. तिच्या आधी तो तिच्या बाबांचा होता आणि त्यांना बाजारात उस्ताद म्हणत. उगाच नाही म्हणत. ठोकलेली गाडी त्यांच्या हाताखालून गेली की ठोकणाऱ्यालासुद्धा आपण कुठे ठोकली ते सापडत नसे.

ती नऊ वर्षांची असताना असाच एक ट्रक बाबांकडे रंगाला आला होता. डोंगरातल्या धरणावर चालायचा. दगडगोटे, चिखल, नाले, कशालाही न जुमानणारा. आठ दिवस तो शेडमध्ये होता आणि आठही दिवस ती शाळेतून आली की त्याच्या केबिनमध्ये बसून जेवली. नवव्या दिवशी तो गेला तेव्हा तिने असं भोकाड पसरलं की बाबांना दुकान अर्ध्या दिवसातच बंद करावं लागलं. मोठी झाल्यावर असलाच घेईन, असं तिने तेव्हा सांगितलं. लहान मुलं काय वाट्टेल ते सांगतात. ही मात्र विसरली नाही, एवढंच.

चौतीस वर्षांनी तिने तो परदेशातून मागवला, आणि तोही सरळ मार्गाने. एजंट म्हणाला होता, "ताई, सुटे भाग म्हणून आणू. इकडे आला की जोडू. सगळे तसंच करतात." ती म्हणाली, "सगळ्यांना करू दे. माझा ट्रक पुढच्या दाराने येईल, नाहीतर येणार नाही." मग अकरा महिने तिने कागदांच्या मागे जिवाचं रान केलं. तीस वर्षांहून जुनं वाहन असेल, मूळच्या अवस्थेत असेल आणि चेसिसवर ठोकलेला नंबर कारखान्याच्या पत्राशी अक्षरन् अक्षर जुळत असेल, तरच ते रस्त्यावर चालवायला परवानगी, असा नियम. तिने कारखान्याकडून ट्रकचा जन्मदाखलाच मिळवला म्हणा ना. बंदरातून तो तात्पुरत्या परवान्यावर घरी आला. आता राहिली होती एकच पायरी, नोंदणी कार्यालयातली तपासणी. तपासणी झाली की कायमची पाटी.

"आणि पाटी मिळाली की याने काय करायचं?" नवऱ्याने विचारलं. त्याचं औषधांचं दुकान होतं आणि जगातली प्रत्येक गोष्ट छोट्या बाटलीत मावायला हवी असं त्याचं साधारण मत.

"रोज चालवायचा. दूध आणायचं, ब्रेड आणायचा. कामावर जायचं."

"दूध आणायला! अगं, दूधवाला शरण येईल."

पण दुसऱ्याच दिवशी त्याने एक लाकडी स्टूल आणलं आणि त्याला दोरी बांधली. स्टुलावर चढून केबिनमध्ये बसायचं आणि मग दोरीने स्टूल वर ओढून घ्यायचं. पहिल्यांदा त्यावर चढले बाबा. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. वर बसून त्यांनी समोरच्या पत्र्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "तोच आहे गं. तसाच."

तपासणीला सोळा दिवस होते. कार्यालयाकडून सूचनांचा कागद आला होता. वाहनाला रंग देऊ नये, काही बदलू नये, चेसिस नंबर कशानेही झाकू नये. पेंटरणीने तो कागद मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहून काढला आणि शेडच्या भिंतीवर, कंप्रेसरच्या वर चिकटवला. नवऱ्याला दाखवला. शेजारच्या वेल्डरला दाखवला, कारण त्याला दुसऱ्यांच्या वस्तूंना हात लावायची खोड होती. सगळ्यांना दाखवला.

बाबांना दाखवला नाही. आणि दाखवून उपयोगही नव्हता, कारण बाबांना दिसत नव्हतं.

ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि घरात कुणी बोलत नसे. दोन वर्षांपासून बाबा वर्तमानपत्र समोर धरून बसत आणि पानं अंदाजाने उलटत. चहाचा कप त्यांच्या उजव्या हाताला, नेहमीच्याच जागी ठेवला जाई. रंगाचे डबे कुणी इकडचे तिकडे करत नसे. एकदा नवऱ्याने डॉक्टरचा विषय काढला तर बाबा म्हणाले, "मला काय धाड भरलीय?" आणि दोन दिवस जेवताना गप्प बसले. तेव्हापासून सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. कामाचं म्हणाल तर बाबा अजूनही पुट्टी भरत. पुट्टीला डोळे लागतच नाहीत. डोळ्यांना न दिसणारा पोचा तळहाताला कळतो, आणि बाबांचा तळहात साठ वर्षांचा मुरलेला.

रोज सकाळी चहा झाला की बाबा ट्रकभोवती एक चक्कर मारत. हात पत्र्यावरून फिरत राही. पेंटरीण खिडकीतून बघे आणि तिचा ऊर भरून येई. बघा म्हणावं, चौतीस वर्षं लागली पण आणला.

मधे दोन दिवस ती बेकरीच्या गाड्या रंगवायला बेकरीच्याच आवारात गेली होती. परतली तेव्हा बाबा शेडच्या दाराशी उभे होते, हाताला काळा रंग, चेहऱ्यावर लपवलेला आनंद.

"खालून जरा साफसूफ केलंय," ते म्हणाले. "फार गंजला होता बिचारा."

तिने वाकून पाहिलं. चेसिसच्या दोन्ही तुळया या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्याभोर चमकत होत्या. तिच्या मनात भिंतीवरचा कागद चमकून गेला. पण तुळया आधीही काळ्याच होत्या, आणि रंगाच्या एका हाताने ठोकलेला नंबर काही बुजत नाही. शिवाय बाबांचा तो चेहरा. "मस्त झालंय बाबा," ती म्हणाली आणि विषय तिथेच मिटला. खरं तर तेव्हाच दिवा घेऊन खाली शिरायला हवं होतं. पण कधी नव्हे ते माणूस खुश असतो आणि आपण दिवा घेऊन त्याच्या कामाखाली शिरायचं, हे तिला जमलं नाही.

तपासणीच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. "मी येणार," म्हणाले. स्टूल, दोरी, सगळं साग्रसंगीत झालं. वाटेत प्रत्येक सिग्नलला लोक मोबाइल काढून फोटो घेत होते. एका बसचा ड्रायव्हर तर, ज्याने आयुष्यात कुणाला वाट दिली नसेल, तो थांबला आणि हाताने "या" म्हणाला. पेंटरणीने बाबांना ते सांगितलं. बाबांनी बसच्या विरुद्ध दिशेला बघून मान डोलावली.

कार्यालयाच्या मागच्या अंगणात निरीक्षक आले. सडपातळ माणूस, खिशात तीन पेनं, हातात फाइल आणि बॅटरी. त्यांनी इंजिन पाहिलं, दिवे पाहिले, ब्रेक पाहिले. ट्रकच्या वयाचं पत्र वाचताना त्यांच्या भुवया वर गेल्या.

"कागद फार व्यवस्थित आहेत तुमचे," ते म्हणाले. "इतके व्यवस्थित सहसा येत नाहीत."

पेंटरीण एक इंच उंच झाली.

"आता फक्त चेसिस नंबरचा पेन्सिल छाप घेतो आणि संपलं." असं म्हणून ते पातळ कागद आणि पेन्सिल घेऊन खाली वाकले. उजवीकडून पाहिलं. डावीकडून पाहिलं. बॅटरी लावून पाठीवर आडवे झाले आणि सरपटत मागच्या चाकापर्यंत गेले. बाहेर आले तेव्हा शर्टाला धूळ होती आणि आवाज बदलला होता.

"नंबर कुठे आहे?"

ती खाली शिरली. तुळई हाताखालून आरशासारखी गेली. कुठे एक खड्डा नाही, चरा नाही. काळा रंग, त्याखाली प्रायमर, आणि त्याखाली काय आहे ते तिला त्याच क्षणी कळलं. अशी पुट्टी या शहरात एकच माणूस भरतो.

"बाई, चेसिसला पुट्टी भरलीय," निरीक्षक म्हणाले. "माझ्या नोकरीत चोरीच्या गाड्यांना अशी बघितलीय. नंबर सापडला नाही तर हे वाहन अनोळखी ठरतं. अनोळखी वाहन परत पाठवत नाहीत. दाबून भंगार करतात."

"नंबर आहे साहेब, खाली आहे. हा बघा फोटो." तिने मोबाइलवर फोटो उघडून दाखवला. विक्रेत्याने पाठवलेला. नंबर अगदी स्वच्छ दिसत होता, पण एवढा जवळून घेतलेला की फोटोत नंबराशिवाय काहीच नव्हतं. नंबर सहा मीटर लांबीच्या दोन तुळयांवर नेमका कुठे आहे, ते फोटो सांगत नव्हता. बंदरावर अधिकाऱ्याने नंबर पाहिला तेव्हा ती खिडकीवर सह्या करत होती.

"तात्पुरता परवाना आज संपतो," निरीक्षक म्हणाले. "चार वाजता मी शेरा लिहिणार. त्याआधी नंबर दाखवा. ग्राइंडर लावायचा नाही, खरवडायचं नाही. नंबर खरवडला गेला तर तो मी मानणार नाही. हे कुणी केलं?"

केबिनमध्ये बाबा बसले होते. काच खाली होती.

पेंटरीण म्हणाली, "मी."

"धंद्याने पेंटर आहात ना तुम्ही? नंबरावर आधी टेप लावायची हे शिकाऊ पोरालासुद्धा माहीत असतं."

ते खरंच होतं. दहाव्या वर्षी बाबांनी तिला पहिला धडा तोच दिला होता. हातात टेपची गुंडाळी देऊन म्हणाले होते, रंग नंतर, पुट्टी नंतर, आधी नंबर शोध आणि झाक. गाडीचं सगळं बदललं तरी नंबर म्हणजे तिचं नाव आहे. ती मान खाली घालून उभी राहिली. खालमानेने का होईना, हे आपल्या अंगावर घ्यायचं आणि बाबांपर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढंच तिला कळत होतं.

निरीक्षकांनी पेन उघडलं. "मग मी लिहितो, मालकाने स्वतः नंबर झाकल्याचं कबूल केलं."

"लिहू नका," वरून आवाज आला.

केबिनचं दार उघडलं. बाबांनी दोरी सोडून स्टूल खाली टाकलं, पाय चाचपत त्याच्यावर ठेवला आणि उतरले. ती धरायला धावली तर त्यांनी हात झटकला. पत्र्याला धरत धरत ते निरीक्षकांसमोर आले, म्हणजे त्यांच्यापासून जरा डावीकडे, आणि तिथल्या मोकळ्या जागेकडे बघत बोलले.

"ही खोटं बोलतेय साहेब. पुट्टी माझी आहे. साठ वर्षं हा धंदा केला, नंबरावर कधी पुट्टी गेली नव्हती. आता गेली. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली."

घरात जे दोन वर्षांत निघालं नव्हतं ते बाबांनी एका परक्या माणसासमोर, भर दुपारी, साध्या आवाजात सांगून टाकलं होतं.

"हाताला खड्डे लागले," बाबा म्हणाले. "मला वाटलं, गंजाने खाल्लंय. पण ते एका रांगेत होते. गंज कधी रांगेत खात नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं." मग तिच्या दिशेला वळून ते हळू म्हणाले, "तू सांगायचं होतंस गं, हात लावू नका म्हणून."

"भिंतीवर लिहिलं होतं बाबा," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिला रडू आलं.

निरीक्षकांनी पेनाला टोपण घातलं. घड्याळ पाहिलं. सव्वादोन. "आजोबा, कुठे भरली ते सांगता येईल?"

"सांगता येणार नाही. हात लावून दाखवता येईल."

नवऱ्याला फोन गेला. तो दुकान तसंच टाकून स्कूटरवर आला, पायांशी शेडमधून उचललेला, रंग उतरवायच्या रिमूव्हरचा डबा, खांद्याला चिंध्यांची पिशवी, आणि घाईत औषधांच्या दुकानातला पांढरा कोट तसाच अंगावर. अंगणातल्या लोकांना वाटलं कुणीतरी जखमी झालंय. तोपर्यंत पेंटरणीने पोतं अंथरलं होतं आणि बाबा इस्त्रीच्या शर्टानिशी ट्रकखाली पाठीवर आडवे झाले होते. शेजारी ती. पलीकडून बॅटरी घेऊन निरीक्षक, तेही आता शर्टाची पर्वा न करता.

बाबांनी डोळे मिटले. उजव्या हाताची तीन बोटं तुळईवर टेकवली आणि पुढच्या टोकापासून मागे न्यायला सुरुवात केली. अगदी सावकाश. पेंटरीणही आपली बोटं त्यांच्या मागोमाग फिरवत होती. तिला सगळं सारखंच लागत होतं. गार, गुळगुळीत. डावी तुळई संपली. काही नाही. बाबा कूस बदलून सरकले, कोपराला खडा टोचला तसे कण्हले, आणि उजव्या तुळईला लागले. तीन वाजायला आले. मधल्या आडव्या पट्टीच्या जरा मागे, जिथे कुणी नंबर शोधायला गेलंच नसतं, तिथे त्यांची बोटं थांबली. पुढे गेली, परत आली.

"इथे. इथून वीतभर."

"नक्की का आजोबा? मला तर काहीच फरक कळत नाही," निरीक्षक म्हणाले.

"तुम्हाला कळायला लागला तर मग मी कसला उस्ताद?" बाबा म्हणाले, आणि त्या सगळ्या प्रकारात पहिल्यांदा निरीक्षक हसले.

पेंटरणीने तेवढ्याच जागेवर रिमूव्हर लावला. वाट पाहिली. रंगाला फोड आले, सुरकुत्या पडल्या. तिने तो चिंधीने टिपला, घासला नाही. पुन्हा लावला. मग पुट्टी मऊ पडली आणि ती लाकडी काडीने एकेक कण काढू लागली. नवरा बाहेरून वाकून दर पाच मिनिटांनी वेळ सांगत होता. शेवटी तिने ओरडून सांगितलं की घड्याळ खिशात ठेव, तेव्हा तो गप्प बसला. बाबांचं काम पोरीला उतरवावं लागत होतं, आणि ते काम इतकं चांगलं होतं की उतरता उतरत नव्हतं. तिला राग यावा की अभिमान वाटावा, काही कळेना. आला तो अभिमानच.

साडेतीनला पोलाद दिसलं. त्यात खोल, स्वच्छ, एका रांगेत आकडे. पुट्टीखाली गंज वाढला नव्हता, उलट थांबला होता.

ती वाचायला तोंड उघडणार तोच निरीक्षक म्हणाले, "थांबा बाई. आजोबा, तुम्ही वाचा." त्यांनी फाइलमधलं कारखान्याचं पत्र छातीवर उघडं धरलं.

बाबांनी तर्जनी पहिल्या खड्ड्यात ठेवली. "चार," ते म्हणाले. "एक. मग पुन्हा एक. सहा, नाही, आठ आहे, वर एक लहान गाठ आहे." प्रत्येक आकड्याला निरीक्षक पेनाने पत्रावर खूण करत होते. "शून्य. दोन. पाच. आणि शेवटी सात. सात ठोकताना ठोकणाऱ्याचा हात जरा घसरलाय."

निरीक्षकांनी पातळ कागद लावून पेन्सिल फिरवली. कागदावर एकेक आकडा उमटत गेला. शेवटच्या साताचा पाय खरंच तिरका होता.

"जुळला," ते म्हणाले.

चारला दहा कमी असताना शिक्का बसला. निरीक्षक दारापर्यंत सोडायला आले आणि जाता जाता बाबांना म्हणाले, "माझ्या गाडीला एक पोचा आहे आजोबा. तीन ठिकाणी दाखवला, जात नाही." बाबा म्हणाले, "घेऊन या. पण नंबरावर टेप लावून आणा." मग दोघंही बराच वेळ हसत राहिले.

परतताना केबिनमध्ये तिघं बसले. नवऱ्याची स्कूटर मागे हौद्यात, दोरीने बांधलेली. मग पेंटरीण म्हणाली, "बाबा, डावीकडे शाळा आलीय. मुलं सुटलीत. सगळी आपल्याकडे बघून हात करतायत." बाबांनी काच खाली केली आणि बरोबर डावीकडे हात हलवला.

घरी आल्यावर तिने भिंतीवरचा कागद काढला आणि बाबांसमोर बसून वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचला. तारखेसकट. बाबांनी मधे मधे हुंकार दिला. "अक्षर कसं आलंय?" त्यांनी शेवटी विचारलं. "मोठं," ती म्हणाली.

आता ट्रक रोज चालतो. दूध येतं, ब्रेड येतो, बेकरीच्या गाड्यांची दारं त्याच्या हौद्यातून शेडमध्ये येतात. नवरा म्हणतो माझं दुकान सापडत नसेल तर ट्रक शोधा, त्याच्या मागे आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडेही बाबा त्यातूनच गेले, स्वतः म्हणून गेले, आणि तिथल्या पहारेकऱ्याला सांगून आले की हा मुलीचा आहे, कागद सगळे पक्के आहेत. डॉक्टर म्हणाले, फार काही होणार नाही. बाबा म्हणाले, ते मला माहीतच होतं, मी फक्त फिरायला आलो होतो.

परवा भाजीवाल्याच्या हातगाडीच्या छपराचा कोपरा ट्रकच्या दाराला लागला. मुठीएवढा पोचा. पेंटरणीने ट्रक शेडमध्ये घेतला आणि बाबांना हाक मारली. ते आले, पुट्टीचं पातं शर्टाला पुसलं, तळहात पत्र्यावर ठेवला आणि मग थांबले.

"इथे काही लिहिलंय का गं?"

तिने दार वरून खालपर्यंत नीट पाहिलं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "लावा तुम्ही."